उभयचर वाहने: आस जेथे धडाबाहेर पडतो

जमिनीवर धावणारे आणि पाण्यावर तरंगणारे वाहन घडवणे हे वरवर पाहता मोटार आणि होडी एकत्र आणण्याचे काम वाटते. परंतु या दोहोंच्या गरजा परस्परविरोधी असल्यामुळे प्रत्येक उभयचर वाहन ही मुळात एक तडजोड असते, आणि ती तडजोड कितपत साधली आहे हे वाहनाच्या एका विशिष्ट जागी स्पष्ट दिसते. होडीला पाण्याच्या पातळीखाली एकही भोक परवडत नाही, तर मोटारीला चाके फिरवण्यासाठी आस बाहेर काढावेच लागतात. म्हणून वाहनाच्या पाणबंद धडाला भोक पाडून फिरता आस जेथे बाहेर येतो, ती जागा या वाहनांच्या रचनेचा खरा कस पाहते. जाहिरातींत चर्चा होते ती इंजिनाच्या अश्वशक्तीची आणि टायरच्या आकाराची. वाहन किती वर्षे टिकेल हे मात्र बहुतांशी त्या भोकाभोवतीचे सील, त्यामागचे बेअरिंग आणि त्यांची निगा राखणारा माणूस यांवर ठरते.

रस्ता नसलेल्या कोणत्याही भूभागावर, म्हणजे दलदल, बर्फ, वाळू, झुडपांचे रान अशा ठिकाणी चालणारी आणि वाटेत तळे किंवा ओढा लागल्यास तरंगत पार होणारी सहा किंवा आठ चाकांची छोटी वाहने १९६० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत विकसित झाली. कॅनडातील जायगर हे अशा सहाचाकी वाहनांपैकी पहिले मानले जाते. त्यानंतरच्या दशकभरात अँफिकॅट, अटेक्स, मॅक्स अशी अनेक नावे बाजारात आली आणि त्यांतील बहुतेक विरूनही गेली. ओंटारिओतील न्यू हॅम्बुर्ग येथील कारखान्यात १९६७ पासून तयार होणारे आर्गो मात्र आजतागायत टिकून आहे. शिकारी, वनरक्षक, वीजवाहिन्यांची दुरुस्ती करणारे कामगार आणि बर्फाळ प्रदेशातील बचावपथके हे या वाहनांचे नेहमीचे गिऱ्हाईक.

या वाहनांच्या रचनेचा पाया म्हणजे टायरमधील हवेचा अत्यल्प दाब. नेहमीच्या मोटारीच्या टायरमध्ये साधारणपणे ३० ते ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड, दाब ठेवला जातो. आर्गोसारख्या वाहनाच्या टायरमध्ये तो पाचहूनही कमी असतो. मऊ टायर जमिनीवर जेवढा दाब टाकतो तो आतील हवेच्या दाबाच्या आसपासच राहत असल्यामुळे, हवा कमी केली की टायर पसरतो, टेकण्याचे क्षेत्रफळ वाढते आणि ज्या चिखलात माणसाचा पाय पोटरीपर्यंत रुततो त्यावरून वाहन अलगद पुढे सरकते. चाकांवरून रबरी पट्टे चढवल्यास हा भार दर चौरस इंचाला एका पौंडाच्याही खाली येतो. हेच फुगीर टायर पाण्यात दोन कामे करतात: आतील हवेमुळे ते वाहनाला तरंगण्यास हातभार लावतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरील खोल खाचा वल्ह्यांप्रमाणे पाणी मागे लोटतात. या पद्धतीने मिळणारा वेग ताशी चार-पाच किलोमीटरच असतो, पण पंखा नको, पंख्याचा आस नको आणि म्हणून धडाला आणखी एक भोकही नको, हा त्यातील मोठा लाभ आहे.

वळण्याची पद्धतही याच काटकसरीतून ठरलेली आहे. मोटारीची पुढची चाके डावी-उजवीकडे वळतात, त्यासाठी सांधे, दांडे आणि हलते जोड लागतात. या वाहनांत मात्र चाके कधीच वळत नाहीत. एका बाजूच्या सर्व चाकांचा वेग कमी करून दुसऱ्या बाजूची चाके तशीच फिरत ठेवली जातात आणि वाहन रणगाड्याप्रमाणे घसरत वळते. जुन्या वाहनांत हे काम दोन तरफांनी होत असे. आर्गोच्या गिअरपेटीत वापरलेली ग्रहचक्री रचना, म्हणजे मधल्या दंतचक्राभोवती लहान दंतचक्रे फिरणारी व्यवस्था, वळतानाही दोन्ही बाजूंना शक्ती पोहोचवत राहते, आणि दलदलीत वळण घेताना एक बाजू मेल्यासारखी ओढली जात नसल्यामुळे हा फरक चालकाला तत्काळ जाणवतो. मात्र घसरवळणाची किंमत कठीण जमिनीवर मोजावी लागते. मऊ चिखलात टायर सहज आडवे सरकतात, डांबरावर किंवा कातळावर ते सरकत नाहीत, आणि तो सारा ताण साखळ्या, आस आणि बेअरिंग यांच्यावर जातो. दलदलीत वीस वर्षे टिकणारे वाहन पक्क्या रस्त्यावर थोड्याच काळात खिळखिळे होऊ शकते, हे खरेदीदाराला क्वचितच सांगितले जाते.

स्प्रिंगांचा अभाव ही या वर्गातील बहुतेक वाहनांविषयीची नेहमीची तक्रार आहे, आणि खडबडीत जमिनीवर पाठीला बसणारे हिसके पाहता ती रास्तही आहे. परंतु स्प्रिंग न देण्यामागे निव्वळ काटकसर नाही. आस धडाला घट्ट बसवलेला असेल तर तो फक्त स्वतःभोवती फिरतो, आणि फिरणाऱ्या गोल दांड्याभोवती रबराचे कडे बसवून पाणी अडवणे तुलनेने सोपे असते. आस स्प्रिंगसोबत वरखालीही हलू लागला की भोक मोठे ठेवावे लागते आणि त्यावर लवचीक रबरी आवरण चढवावे लागते. असे आवरण फाटते, सुटते, त्याची पकड ढिली होते. शेतातल्या पंपाची ग्लँड ज्यांनी बदलली आहे त्यांना हे सहज उमगेल, कारण तिथेही फिरत्या दांड्याभोवतीची बारीकशी फट हाच सारा प्रश्न असतो आणि दांडा किंचित जरी डगमगला तरी नवी ग्लँड फार दिवस टिकत नाही. उभयचर वाहनातही सील खराब होण्याचे मूळ बहुधा सीलमध्ये नसून झिजलेल्या बेअरिंगमध्ये असते: बेअरिंग झिजले की आस डगमगतो, सीलची कड एका बाजूने घासली जाते आणि गाळ आत शिरून बेअरिंग आणखी वेगाने झिजते.

यात उष्णतेचीही एक भूमिका असते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. चढ चढून तापलेली गिअरपेटी किंवा बेअरिंगचे घर अचानक थंड पाण्यात शिरले की आतील हवा आकुंचन पावते, आत किंचित निर्वात तयार होतो आणि बाहेरचे पाणी सीलच्या कडेवरून आत ओढले जाते. म्हणून चांगल्या रचनेत अशा पेट्यांना पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर उघडणारी श्वासनळी जोडलेली असते. ग्रीस भरण्याचे कामही केवळ वंगणापुरते नसते; नवे ग्रीस दाबाने भरले की आत शिरलेले पाणी आणि माती बाहेर ढकलली जाते. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत बनलेल्या अँफिकार या उघड्या मोटारीला पाण्यातील फेरीनंतर तेरा ठिकाणी ग्रीस द्यावे लागे. सुमारे ३,९०० गाड्या तयार झाल्यावर तिचे उत्पादन थांबले, आणि पोलादी पत्र्याला लागणारा गंज हा तिच्या मालकांचा कायमचा शत्रू राहिला.

रबरी आवरणाचा मार्ग स्वीकारूनही यशस्वी झालेले वाहन म्हणजे अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९४२ पासून तयार केलेला, 'डक' या नावाने ओळखला जाणारा सहाचाकी मालट्रक. लष्करी ट्रकच्या सांगाड्याभोवती होडीचे धड बांधताना त्याच्या रचनाकारांनी आसांच्या भोकांतून पाणी येणारच असे गृहीत धरले, आणि ते उपसून टाकण्यासाठी जोरदार पंप बसवले. तळाला लहानसहान भोके पडली तरी तो तरंगत राहू शके. चालकाला जागेवर बसून टायरमधील हवा कमी-जास्त करता येईल अशी सोय असलेले हे पहिले वाहन होते, त्यामुळे वाळूच्या किनाऱ्यावरून पक्क्या रस्त्यावर जाताना थांबावे लागत नसे. लष्कराचा सुरुवातीचा विरोध डिसेंबर १९४२ मध्ये मावळला, कारण मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ वादळात वाळूच्या दांड्यावर अडकलेल्या तटरक्षक दलाच्या नौकेवरील सात जणांना प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या एका डकने सुखरूप बाहेर काढले. पुढे सिसिली आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवर माल उतरवण्याचे अवजड काम या ट्रकांनी केले, आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत एकवीस हजारांहून अधिक डक तयार झाले होते.

युद्धानंतर हे ट्रक पर्यटकांना तलावात फिरवण्यासाठी वापरले जाऊ लागले आणि तेथे त्यांच्या रचनेतील गृहीतक उघडे पडले. १ मे १९९९ रोजी आर्कन्सॉ राज्यातील हॅमिल्टन सरोवरात अशा एका डकच्या फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी आवरण सुटले, पाणी आत भरले आणि काही मिनिटांत वाहन बुडून तेरा जणांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपुरी देखभाल, राखीव तरंगशक्तीचा अभाव आणि प्रवाशांना अडकवून ठेवणारे छत या तीन गोष्टींवर बोट ठेवले. राखीव तरंगशक्ती म्हणजे धड पाण्याने पूर्ण भरले तरी वाहन बुडणार नाही इतकी, फोम किंवा बंद कप्प्यांच्या रूपाने आधीच बाजूला ठेवलेली क्षमता. २०१८ मध्ये मिसूरी राज्यातील टेबल रॉक सरोवरात वादळी लाटांनी आणखी एक डक बुडाला आणि सतरा जण दगावले. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने अशा वाहनांविषयी कडक तरतुदी केल्या. पहिल्या अपघातानंतरच्या शिफारशी इतकी वर्षे कागदावर राहिल्या, ही बाब क्षम्य वाटत नाही. वाहन जुने असणे हा दोष नव्हता. पंप आणि आवरणे अखंड सुस्थितीत राहतील या भरवशावर उभी असलेली रचना नव्या हातांत देताना तो भरवसाही सोबत द्यायला हवा होता.

वजनाचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धातील दोन लहान वाहनांच्या तुलनेतून कळते. जर्मनीच्या फोक्सवॅगनने बनवलेल्या श्विमवागनमध्ये वेगळा सांगाडा नव्हता, होडीसारखे धड हाच सांगाडा होता, आणि पाण्यात उतरल्यावर मागचा पंखा खाली पाडून इंजिनाला जोडला जाई. तिचे वजन सुमारे ९१० किलो होते. अमेरिकेच्या फोर्ड जीपीएमध्ये मात्र जीपचा सांगाडा कायम ठेवून त्याभोवती धड चढवले होते, त्यामुळे तिचे वजन सोळाशे किलोंवर गेले, पाण्याच्या पृष्ठभागापासून धडाच्या कडेपर्यंतचे अंतर फार थोडे उरले आणि किंचित लाटाळ पाण्यातही ती भरू लागली. बारा हजारांहून अधिक गाड्या बनल्यावर तिचे उत्पादन थांबले. याच अपयशी मानल्या गेलेल्या गाडीतून बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हा इतिहासातील विलक्षण योग आहे. महायुद्धाच्या काळात भारतीय लष्करात असलेल्या कार्लिनने ही गाडी प्रथम बंगालमधील एका विमानतळावर पाहिली. १९५० मध्ये हॅलिफॅक्सहून अटलांटिकमध्ये उतरलेली त्याची 'हाफ-सेफ' १९५८ मध्ये माँट्रियलला परतली. अर्थात त्याने गाडीचे धड, टाक्या आणि छत यांत मोठे फेरफार केले होते आणि वाटेत दुरुस्तीवर अपार कष्ट घेतले होते, तेव्हा त्या प्रवासाचे श्रेय मूळ रचनेला देता येत नाही.

धड कशाचे असावे या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलली आहेत. पोलाद मजबूत असते पण गंजते, विशेषतः खाऱ्या पाण्यात. काचतंतूचे धड हलके असले तरी दगडावर आपटल्यास तडकते. काही सुरुवातीच्या वाहनांत वापरलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे उन्हात राहून ठिसूळ झाले. आज या वर्गात सर्वाधिक वापरले जाणारे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि पाइप ज्या प्रकारच्या प्लास्टिकचे असतात ते, गंजत नाही, आघात झाल्यास दबून पुन्हा उसळते, कडाक्याच्या थंडीतही चिवट राहते आणि तडा गेल्यास गरम हवेने सांधता येते. ते पाण्यापेक्षा हलकेही असते. त्याचे दोष म्हणजे त्यावर गोंद धरत नाही, धारदार कातळावर ते सोलवटून निघते आणि स्वतःच्या बळावर ते भार पेलू शकत नसल्यामुळे आत पोलादी चौकट लागतेच. धड प्लास्टिकचे आहे म्हणून वाहनाला गंज लागणार नाही, ही समजूत त्यामुळेच धोक्याची ठरते; गंज लागतो तो आतील चौकटीला, साखळ्यांना आणि विजेच्या जोडांना, जेथे नजर सहसा जात नाही.

साखळी हा या वाहनांचा दुसरा दुबळा दुवा आहे. इंजिनाकडून रबरी पट्ट्याद्वारे गिअरपेटीकडे आलेली शक्ती सहसा साखळ्यांनी एका आसाकडून पुढच्या आसाकडे नेली जाते, त्यामुळे गिअरपेटीलगतच्या साखळीवर सर्वाधिक भार पडतो आणि ती सर्वांत आधी सैल होते. धडाच्या तळाशी साचलेल्या चिखलपाण्यात साखळी फिरत राहिली तर तिच्या कड्यांतील पिना झिजून तिची लांबी वाढते, आणि वेळीच ताणून घेतली नाही तर ती दात सोडून उडी मारते. रबरी पट्टाही भिजला की घसरतो, आणि जड चिखलात वरच्या गिअरमध्ये रेटत राहिल्यास जळतो. येथे सहा किंवा आठ चाकांचा फायदा असा की एखादी टोकाची साखळी तुटली तरी वाहन रखडत का होईना परत येते.

रशियात अलेक्सेई गारागाश्यान यांनी विकसित केलेले आणि २०१५ च्या सुमारास जगासमोर आलेले शेर्प हे वाहन या सगळ्या प्रश्नांना वेगळ्याच बाजूने भिडते. त्याला चारच चाके आहेत, पण प्रत्येक टायर १,६०० मिलीमीटर व्यासाचा आणि ६०० मिलीमीटर रुंद. असा एक टायर पूर्ण बुडाला तर ढोबळ हिशेबाने एक टन पाणी बाजूला सारतो. म्हणजे चार टायर मिळून चार टन होतात, तर मूळ प्रतिमानाचे वजन सुमारे १,३०० किलोच आहे. तरंगण्याची मुख्य जबाबदारी अशा रीतीने धडाकडून टायरकडे गेल्यामुळे आसाच्या भोकातून गळणारे पाणी ही येथे जिवावरची बाब उरत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा वायू टायर फुगवण्यासाठी वापरला जातो आणि चारही टायरमधील हवा एकमेकांत फिरू शकत असल्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढले की त्यातील हवा इतर चाकांकडे सरकते. स्प्रिंगचे काम हवाच करते, आस मात्र स्थिर राहतो. एवढी चतुर रचना या क्षेत्रात क्वचितच झाली असेल. तरीही पाण्यातील तिचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपासच आहे, आणि तिचे टायर हे असे सुटे भाग आहेत की ते गावच्या दुकानात मिळण्याचा प्रश्नच नाही.

स्वीडनच्या हेगलुंड्स कंपनीची बीव्ही मालिका याहून निराळी आहे: दोन स्वतंत्र धडे मधल्या द्रवदाबावर चालणाऱ्या सांध्याने जोडलेली, आणि दोन्ही धडांखाली रुंद रबरी पट्टे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिच्या आधीच्या पिढीतील स्वीडिश बीव्ही-२०२ या वाहनांनी चाकांच्या गाड्या रुतत होत्या अशा पाणथळ, सच्छिद्र मातीवरून ब्रिटिश सैन्याची ने-आण केली. भार आणि आयुष्य या दोन्ही बाबतींत ही वाहने सहा-आठ चाकींच्या कितीतरी पुढे आहेत, परंतु त्यांची किंमत आणि देखभालीची यंत्रणा लष्करालाच झेपणारी आहे.

भारतात हा विषय आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. शेर्पच्या धर्तीवरचे चार महाकाय टायरांचे एटोर एन-१२०० हे वाहन जेएसडब्ल्यू गेको मोटर्सकडून भारतीय लष्कराने घेतले, २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते 'कपिध्वज' या नावाने दिसले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधील पंजाबच्या पुरात अमृतसर भागात त्याने लोकांना बाहेर काढले. महाराष्ट्रातही २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिल्यानंतर अशा वाहनांची मागणी होणे स्वाभाविक आहे; मात्र हे दोन पूर एकाच जातीचे नव्हते. कृष्णाकाठी दिवसेंदिवस पसरून राहिलेल्या पाण्यात, शेतातून, बांधावरून, अर्धवट बुडालेल्या रस्त्यावरून ये-जा करण्यास ही वाहने उत्तम ठरतील, कारण तेथे होडी वारंवार जमिनीला लागते आणि ट्रक बुडतो. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या वेगवान लोंढ्यात मात्र ताशी पाच-सहा किलोमीटरने सरकणारे वाहन प्रवाहासोबत वाहून जाईल, आणि तेथे यांत्रिक होडीला पर्याय नाही. क्षमतेची बाबही तितकीच गंभीर आहे. आठचाकी आर्गोत जमिनीवर सहा माणसे बसू शकतात, पाण्यात चारच. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे चढलेली नाव उलटून जी जीवितहानी झाली, ती लक्षात घेता हे दोन आकडे वाहनाच्या बाजूवर मोठ्या मराठी अक्षरांत रंगवलेले असणे आवश्यक आहे.

पूर वर्षातून आठवडाभर येतो आणि वाहन उरलेले महिने शेडमध्ये उभे राहते, ही बचावकार्यातील टिकाऊपणाची सर्वांत कठीण परीक्षा आहे. न फिरणाऱ्या आसावर सीलची कड कोरडी पडून ताठ होते, साखळीवर गंज धरतो, रबरी पट्टा एकाच जागी वाकून राहतो, उंदीर वायरी कुरतडतात, आणि तळाची पाणी सोडण्याची बुचे कोणी काढली आणि कोणी लावली याची नोंद नसते. म्हणून मे महिन्यात प्रत्येक वाहन गावच्या तलावात उतरवून, मान्य क्षमतेएवढ्या वजनाची वाळूची पोती भरून, अर्धा तास सतत फिरवावे, आणि काठावर आणल्यावर बूच काढून किती लिटर पाणी बाहेर येते ते मोजून वहीत तारखेसह लिहावे. मागील वर्षीच्या आकड्यापेक्षा हा आकडा वाढला असेल तर बेअरिंग आणि सील पावसाळ्यापूर्वीच बदलावेत.